राकसाचा गुडघा

“...मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, बाबा? खिदळणाऱ्या पोरांवर, की सतरा वर्षं धंद्यात मुरलेल्या माझ्या कानांवर?”

देवळाच्या मांडवात बसलेल्या धाकूबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर चामड्याची एक जुनी बाहुली आडवी पडली होती आणि ते तिच्या गुडघ्याला टाका घालत होते.

“नारळवाल्याक विचारलंस तर तो सांगात, कानार ठेव. वाजवल्याशिवाय तो नारळ घेणा नाय. म्हावरेवालीक विचार. ती सांगात, डोळ्यार ठेव. कल्ले उघडून बघ, मगे पैसे दी.”

“आणि तुम्ही काय सांगता?”

“मी आता दोरो ओवतंय. गप रव.”

रुपेश पालव गप्प राहिला. त्याला ते जड गेलं, कारण मुंबईत त्याचं सगळं दुकान तोंडावर चालत होतं. परदेशी मालिकांची वाक्यं मराठीत लिहायची, कुणाला कुणाचा आवाज द्यायचा ते ठरवायचं आणि खलनायकाचा आवाज स्वतः काढायचा, हा त्याचा धंदा.

त्यातही त्याचं हसणं नावाजलेलं. बेंबीपासून निघायचं, टाळूला धडकायचं आणि वर जाऊन तीन तुकड्यांत फुटायचं. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करत. मालक म्हणायचा, रुपेश, तू आजारी पडलास तरी चालेल, हसणं तेवढं पाठवून दे.

ते हसणं जन्मलं होतं याच देवळाच्या मांडवात.

कुडाळकडच्या या वाडीत धाकूबाबा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत. पांढरा पडदा, मागे एक दिवा, आणि दिव्याच्या उजेडात राजपुत्र आणि राक्षस यांचं युद्ध. राक्षसाला इकडे राकस म्हणतात. रुपेश अकरा वर्षांचा असताना बाबांच्या हाताखाली आला आणि एकोणिसाव्या वर्षी निघून गेला.

गेला तो भांडून. खरं म्हणजे भांडण झालंच नाही, नुसतंच जाणं झालं. एका जत्रेत त्याने राकसाच्या तोंडी ते हसणं घातलं. मांडवभर शिट्ट्या पडल्या. खेळ संपल्यावर बाबांनी त्याच्या हातातून राकस काढून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि पेटाऱ्यात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत.

चार शिव्या घातल्या असत्या तर पोरगा राहिलाही असता.

“हां,” बाबांनी दोऱ्याला गाठ मारली. “आता सांग. पोरां कित्याक हसली?”

रुपेशने सांगितलं.

मालिका जपानची, हाताने चितारलेली, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची जुनी. एक समुद्र कोरडा पडलाय. त्याच्या दोन काठांवरचे लोक उरल्यासुरल्या पाण्यासाठी लढतायत. लढाईला जातात ते लोखंडी पुतळे, देवळाच्या कळसाच्या चौपट उंच. चालतात, तलवार फिरवतात. प्रत्येकाच्या छातीत एक खुर्ची असते आणि त्या खुर्चीत एक माणूस. आपल्या काठाचा पुतळा पांढरा, त्याच्या छातीत पंधरा वर्षांचा मुलगा.

“आपलो काठ?” बाबांनी विचारलं. “जपानातलो?”

“म्हणजे... नायकाचा काठ हो.”

“बरां.”

ही मालिका रुपेशने पहिल्यांदा पाहिली ती बाराव्या वर्षी. वाडीतला एक शेजारी बोटीवर नोकरीला होता. त्याने जपानहून व्हिडिओच्या कॅसेटी आणल्या होत्या. शब्द एक कळत नव्हता. तरी रुपेशने त्या इतक्यांदा लावल्या की चित्रावर पाऊस पडल्यासारखं दिसायला लागलं. शेजारीण वैतागून म्हणायची, अरे, तुझ्या त्या लोखंडाक गंज येतलो आता, घराक जा!

तेवीस वर्षांनी तीच मालिका मराठीत करायचं काम त्याच्याकडे चालून आलं. त्याने भावसुद्धा केला नाही. आपल्याच देवाची पूजा आपल्या हाती आली, तर दक्षिणेची घासाघीस कोण करतो?

वर्षभर मेहनत घेतली. मग गेल्या आठवड्यात पहिले अकरा भाग ठाण्याच्या एका शाळेत तीन दुपारी मिळून दाखवले. परीक्षा म्हणून. दोनशे पोरं, मागे त्यांचे आईबाप.

अकराव्या भागाच्या शेवटी पलीकडच्या काठाचा एक तपकिरी पुतळा पडतो. जपानात ते दृश्य पाहून नातवंडं असलेली माणसं अजून डोळे पुसतात. रुपेश स्वतः बारा वर्षांचा असताना ढसाढसा रडला होता.

ठाण्याच्या शाळेत दोनशे पोरं पोट धरून हसली. एकाने उभं राहून तो पुतळा कसा पडला त्याची नक्कल केली. मग आईबापही हसले.

“मालक म्हणाला, सोमवारपर्यंत ठीक कर. नाहीतर काम दुसरीकडे जाईल.” रुपेशने बोटांवर दिवस मोजले. “आज गुरुवार. बाबा, दुसरी कामं मिळतील मला. पण ही मालिका दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची... ते नाही जमायचं.”

बाबांनी नवा टाका घातला.

“तुमचा राकस पडायचा तेव्हा बायका तोंडाला पदर लावायच्या. मी पाहिलंय. ढोल नाही, काही नाही, तरी. ती खुबी काय? तेवढी सांगा. त्यासाठीच आलो.”

“खुबी?” बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “सतरा वर्सांनी इलस, पेढे घेऊन इलस, माका वाटला पाया पडूक इलस. तू तर मेल्या, खरेदीक इलस!”

रुपेशचे कान तापले. तो हसला, पण ते प्रसिद्ध हसणं नव्हतं.

“बरां. आधी माल दाखव तुझो. तां हसना कर बघू.”

“इथे? देवळात?”

“राकस बघलेलो आसा देवान. घाबराचो नाय.”

रुपेशने मांडी सावरली, छाती भरून घेतली आणि हसला. मांडवाच्या वाशांवरून चार कावळे उडाले. मागच्या बाजूने गुरविणीचा आवाज आला, “कोण रे तो? दुपारचो देवाक उठवतस काय?”

“उठलो काय तो?” बाबांनी ओरडून विचारलं.

“मी उठलंय!”

बाबा बराच वेळ खांदे हलवत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, “चोख आसा. एक नंबर. हेच्यात खोट नाय.”

रुपेशला बरं वाटलं. बाबांनी त्याला चोख म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

“आता ती तुझी चित्रां दाखव. आवाज बंद कर.”

“आवाज बंद? बाबा, माझं काम आवाजाचंच आहे.”

“म्हणान तर.”

रुपेशने पिशवीतून टॅब काढला, पेटाऱ्याला टेकवून उभा केला. अकरावा भाग लावला. आवाज शून्यावर नेताना त्याचं बोट अडखळलं. दुकानदाराने स्वतःच्या हाताने पाटी उतरवावी तसं वाटलं त्याला.

बाबा पाहायला लागले.

माणसं चेहऱ्याकडे बघतात. बाबा पायांकडे बघत होते. बाहुलीवाला बाहुली विकत घेताना आधी सांधे हलवून पाहतो, मुकुट शेवटी.

पांढरा पुतळा आला. सूर्य त्याच्या खांद्यावर चमकला. रुपेशला राहवलं नाही.

“बघा बाबा, काय देखणा काढलाय! एकेक खिळा दिसतो. लोक ह्याच्यासाठी बघतात. जपानात ह्याची खेळणी मोठी माणसं कपाटात मांडतात. माझ्या स्वतःकडे नऊ आहेत.”

“पोराशिवाय ह्यो चलता?”

“नाही. छातीत पोर बसल्याशिवाय बोटही हलत नाही.”

“मगे इतको मोठो कित्याक केलो?”

“युद्ध मोठं दिसावं म्हणून.”

बाबा जरा पुढे वाकले. चित्रात मुलगा शिडी चढत होता. शिडी पुतळ्याच्या पायापासून छातीपर्यंत, आणि मुलगा मुंगीएवढा.

“...काय पोरगो बारको दिसाचो म्हणान?”

रुपेशने टॅबजवळ वाकून शिडीवरच्या मुलाकडे पाहिलं.

चित्र पुढे सरकलं. पांढरा पुतळा तलवार उपसून वाळूत उभा राहिला.

“एक गोष्ट मलाही कधी सुटली नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “सबंध मालिका सांगते, युद्ध वाईट. पोरं मरतात, आया रडतात. आणि यंत्रं मात्र अशी काढतात की बघणाऱ्याला वाटावं, आपणच आत बसावं. मला अजून वाटतं. ही लबाडी नाही का, बाबा?”

बाबांनी मांडीवरचा राकस उचलून उन्हाच्या कवडशात धरला. भिंतीवर त्याची सावली पडली. लाल, हिरवी, मधेच पिवळी. कानात कुंडलं, दंडावर कोरीव वेल, कमरेच्या शेल्यावर मोहरीएवढ्या भोकांची नक्षी. राजपुत्राच्या अंगावर इतकं काम नव्हतं, हे रुपेशला माहीत होतं. लहानपणी त्याला त्याचा राग यायचा.

“जेका पडाचा आसा, तेका बरो सजवक लागता,” बाबा म्हणाले. “नायतर पडल्यार कोण बघतलो?”

राकस परत मांडीवर गेला.

चित्रात आता दुसरा काठ आला. पलीकडच्या फौजेचा तंबू. तपकिरी पुतळा गुडघ्यावर बसलेला. त्याच्या पायाशी एक म्हातारा, आपल्याकडे पाठ करून, हातोड्याने काहीतरी ठोकत होता. शेजारी पुतळ्याच्या खुर्चीत बसणारा शिपाई, तरुण, हातात पावाचा तुकडा.

“थांबव.”

रुपेशने थांबवलं.

“हेच्या गुडघ्याक ठिगळ आसा.”

“कुठे?”

बाबांनी दाभण पुढे करून टोकाने दाखवलं.

होतं. सगळा पुतळा तपकिरी आणि डाव्या गुडघ्यावर निळसर पत्र्याचा एक तुकडा. त्याला आठ खिळे. सात सरळ, एक वाकडा. म्हातारा नेमका त्याच्यावर हातोडा मारत होता.

रुपेशने हा भाग शंभर वेळा पाहिला असेल. मराठी करताना तर एकेक क्षण थांबवून पाहिला होता. पण ते काम ओठांचं. ओठ कधी उघडतात, कधी मिटतात, त्यात वाक्य कसं बसतं. गुडघ्याला ओठ नसतात.

“ह्यो म्हातारो काय बोलता?”

“काही नाही.”

“हनुवट हलता तेची.”

“म्हणजे बोलतो. पण त्याची पाठ आहे ना आपल्याकडे. आमच्या धंद्यात पाठ दिसली की जागा मोकळी. ओठ जुळवायचे नसतात, म्हणून तिथे आपल्याला हवं ते भरता येतं. आणि एका ओळीसाठी वेगळा म्हातारा कोण बोलावणार?”

“तू काय भरलंस?”

रुपेशने टॅबकडे पाहिलं. मग बाबांच्या हातातल्या दाभणाकडे.

“...हसणं.”

“कोणाचा?”

“माझंच. म्हणजे त्या शिपायाचं, आतल्या आत, युद्धाला निघायच्या आधी. वर नगारा. भारी वाटतं ते, बाबा. मालक उठून उभा राहिला होता ऐकून.”

“आनी म्हातारो खरा काय म्हणता ता तुका म्हायत नाय?”

“कागद आहे माझ्याकडे. मूळ वाक्यांचा.”

“वाच.”

त्याने मोबाइल काढला. बराच वेळ वरखाली शोधलं. ती ओळ त्याने स्वतःच करड्या रंगाने खोडून ठेवली होती. वाचता येत होती.

“म्हातारा म्हणतो... ‘डाव्या गुडघ्यावर भार देऊ नको. शनिवारी नवा येईल.’”

“आनी तो?”

“शिपाई म्हणतो, ‘शनिवार लांब आहे, काका. पाव खा.’ आणि अर्धा तुकडा त्याला देतो.”

बाबांनी मान डोलावली.

“शनिवार इलो?”

“नाही.” रुपेशने मोबाइल खिशात टाकला. “त्याच संध्याकाळी लढाई. पांढरा पुतळा समोर येतो. हा वार चुकवायला वळतो आणि... डावा पाय...”

त्याने टॅब हातात घेतला आणि शेवटचं दृश्य लावलं. आवाज बंदच होता. तपकिरी पुतळा वळला. भार डाव्या पायावर आला. ठिगळाचा वाकडा खिळा उडाला, मग बाकीचे सात. गुडघा आत गेला आणि एवढं मोठं लोखंड म्हाताऱ्या बैलासारखं खाली बसलं. पांढऱ्याची तलवार वरून आली.

रुपेशने तेच दृश्य पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

आता त्याला ठाण्याची ती शाळा दिसत होती. पोरांची काय चूक? त्याने आधी दोन मिनिटं नगारा बडवून, खदाखदा हसून त्यांना सांगितलं होतं की हा पाजी आहे, मस्तवाल आहे. मग तो मस्तवाल नायकापुढे येतो आणि पाय घसरून बसकण मारतो. कोण हसणार नाही? केळीच्या सालीवरून सावकार घसरला तर अख्खा बाजार हसतो.

“तू बारा वर्सांचो आसताना कित्याक रडलंस?” बाबांनी विचारलं.

“आठवत नाही.”

“शब्द कळाक नाय तुका.”

“एकही नाही.”

“...बरां झाला.”

मांडवात ऊन सरकत होतं. बाबांनी पुन्हा राकसाच्या गुडघ्याशी मान वाकवली. पाठ अर्धी रुपेशकडे, हनुवट हलत होती. सुईशी काहीतरी पुटपुटत असावेत.

रुपेश त्या पाठीकडे पाहत राहिला. अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत रोज दुपारी त्याने ही पाठ पाहिली होती. तेव्हाही मांडीवर हीच बाहुली असायची.

“बाबा, हा अजून फाटतोच?”

“पडता तर फाटतलोच. राजपुत्र एकच, राकस वीस मरतत. आमच्याकडे बाहुली एक. वीस वेळा ह्योच मरता.” बाबांनी बाहुली त्याच्या पुढे केली. “मोज.”

“काय?”

“ठिगळां.”

रुपेशने मोजायला घेतलं. गुडघे, कोपर, मान, कंबर. जुन्या ठिगळावर नवं ठिगळ, त्याच्यावर टाका. काही ठिकाणी मूळचं चामडं उरलंच नव्हतं, नुसती दुरुस्तीच बाहुली होऊन बसली होती. एकसष्टपर्यंत आला आणि चुकला.

“राजपुत्र साठ वर्सांत दोनदा शिवलंय,” बाबा म्हणाले. “एकदा उंदरान खाल्ल्यान, एकदा तुझ्या हातातसून पडलो. आनी ह्येका शिवल्याशिवाय एक म्हयनो जावक नाय. आता तूच सांग, लोकांनी माका भगत कोणाचो म्हणायचो?”

रुपेशने बाहुली जपून परत बाबांच्या मांडीवर ठेवली.

“सोमवारी ती ओळ परत घालतो,” तो शेवटी म्हणाला.

“म्हाताऱ्याचो आवाज कोण काढतलो?”

“मी.”

“आनी हसना?”

हाच खरा दर होता, आणि तो बाबांनी शेवटी सांगितला. मुरलेल्या दुकानदारासारखा, गिऱ्हाइकाच्या हातात माल गेल्यावर.

“बाबा, मालकाने त्या हसण्याच्या जाहिराती केल्यात. गल्लोगल्ली पाट्या लागल्यात. ‘तोच आवाज, तेच हसणं.’ काढलं तर...” त्याने हात पालथे केले. “ओळ घातली आणि हसणंही ठेवलं तर? दोन्ही चालवून बघता येईल.”

बाबांनी दोरा दातांनी तोडला. राकसाचा गुडघा दोनदा वाकवून पाहिला, चामड्यावरून अंगठा फिरवला. मग बाहुली रुपेशच्या हातात दिली.

“पाड तेका.”

“आत्ता?”

“हसून पाड. तुझा तां चोख हसना कर आनी पाड. माझी हरकत नाय.”

सतरा वर्षांनी त्याच्या हातात राकस आला. काठीची पकड बोटांना लगेच आठवली. उन्हाचा कवडसा भिंतीवर होताच, त्याने बाहुली त्याच्यासमोर धरली. सावली उठली. कुंडलं हलली. दंड वर गेला. सावलीपुरता तर तो पुतळ्याएवढा मोठा दिसत होता.

रुपेशने छाती भरून घेतली.

राकस वळला. रुपेशचा अंगठा आपोआप खाली सरकला आणि नव्या टाक्याखाली जाऊन बसला. दोरा अजून ओलसर होता. मेण लागत होतं हाताला. टाका सुटू नये म्हणून अंगठ्याने गुडघा तोलून धरला, आणि तसाच तोलत तोलत त्याने राकस खाली आणला.

भरून घेतलेली हवा छातीतच राहिली. मग नाकावाटे नुसतीच निघून गेली.

सावली जमिनीला टेकली.

मागे गुरवीण झाडत होती ती थांबली होती. खांबाआडून वाकून पाहत होती, पदर तोंडाशी धरून.

“मेलो काय गो तो?” बाबांनी तिला विचारलं.

“तुमचो नेहमीचोच तो,” ती म्हणाली आणि नाक ओढत परत झाडायला लागली.

बाबांनी पेटाऱ्याच्या कडीला अडकवलेली एक पिशवी काढली आणि रुपेशपुढे सरकवली. खादीची, तेलकट, तळाशी जड. रुपेशने ती लगेच ओळखली. बाबांचा रिवाज होता. बाकी कुठल्या खेळवाल्याने असा पाळलेला त्याने पाहिला नव्हता. राकस जितक्यांदा पडेल तितके चिंचोके त्याच्या पिशवीत टाकायचे. वर्षाच्या शेवटी बाबा ते मोजत आणि परसात पुरत. ते टाकायचं काम आठ वर्षं रुपेशकडे होतं.

बाबांनी कनवटीचा एक चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवला.

रुपेशने तो पिशवीत टाकला. टक्.

“बाबानू...” बोली त्याच्या तोंडात आपोआप परत आली. “तेव्हा मी रोज टाकूक नाय. म्हयन्याच्या शेवटी एकदम मुठी भरून टाकी. अंदाजान.”

“म्हायत आसा.”

“तुमका म्हायत होता?”

“तुझ्या शेवटच्या शिमग्यात तेरा खेळ झाले. राकस पडलो दोनशे सत्तेचाळीस वेळा. तू दोनशे साठ टाकलंस.” बाबा डोळे मिचकावत म्हणाले. “माका वाटला, पोराक दया नाय. तेरा जण फुकट मारल्यान.”

रुपेश हसला. मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं.

त्याने मोबाइल काढला. मालकाचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला तेव्हा तो उठून मांडवाच्या कडेला गेला.

“साहेब, अकराव्या भागातलं हसणं काढतोय मी.”

पलीकडे बरंच बोलणं झालं. रुपेश ऐकत राहिला.

“हो. पाट्यांचं माहीत आहे... नाही, दुसऱ्या भागात घालायला नको. ते सगळीकडूनच काढायचंय... नाही साहेब, ठणठणीत आहे मी... बरं. सोमवारी ऐका. नाही पटलं तर दुसऱ्याला द्या.”

तो परत येऊन बसला.

“काय म्हणालो मालक?”

“म्हणालो, सोमवारी ऐकतलंय. मगे ठरवतलंय.”

“सोमवार लांब आसा,” बाबा म्हणाले. पेढ्यांचा खोका त्यांनी उघडला, एका पेढ्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

दोघांनी खाल्लं.

निघायची वेळ झाली. रुपेश पाया पडला. बाबांनी पेटाऱ्यात हात घालून एक दुसरी पिशवी काढली. तसलीच, पण कोरी, रिकामी, नवी शिवलेली.

“ह्या घे. चिंचोके तुझ्या मुंबईत मेळतले?”

“मेळतले. पण हे कित्याक?”

“किती भाग आसत तुझे?”

“त्रेचाळीस.”

“दर भागात कोण ना कोण पडतलो.”

रुपेशने पिशवी हातात उलटीपालटी केली. टाके बारीक होते. राकसाच्या गुडघ्याचाच दोरा.

“बाबानू, एक सांगा. फकत तपकिरी पुतळ्यांचे टाकूचे, काय पांढऱ्याच्या काठाचे पण?”

बाबांनी राकस फडक्यात गुंडाळला. राजपुत्राच्या शेजारी ठेवला. पेटाऱ्याचं झाकण लावलं.

“चिंचोक्याक काठ खंय म्हायत...” ते म्हणाले. “अंदाजान टाकू नको. हिशोब तेवढो खरो ठेव.”